चित्रातली पोर

पावसाला घाबरणारा माणूस अख्ख्या कोकणात एकच झाला, आणि ते नेमके आमचे मामा निघाले. स्वतः भिजायला त्यांची काही हरकत नसे. जीव अडकलेला होता भिंतीवरच्या चित्रात. स्वातंत्र्यानंतर मिठाच्या खात्यातला एक साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मामा त्या लिलावात आरामखुर्ची घ्यायला चौलला गेले आणि काचेत बसवलेलं हे चित्र घेऊन आले. "आता बसायचं कशावर, ह्याच्यावर?" असं मामींनी विचारलं, ते त्या आयुष्यभर विचारत राहिल्या.

चित्र जलरंगातलं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, कुठल्याशा विलायती नाटकाचं. रंगमंचावर पांढऱ्या दाढीचा राजा, त्याच्या हातांवर मिटल्या डोळ्यांची मुलगी, मागे माना खाली घातलेले सरदार. नाटक कुठलं, हे मामांनी कधी कुणाला विचारलं नाही. "बेशुद्ध झालीय पोर. उठेल," एवढंच ठामपणे सांगत. त्यांची स्वतःची एकुलती एक मुलगी तापानं गेली होती. तिच्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत, म्हणून ह्या पोरीबद्दल कितीही बोलले तरी आम्ही कुणी त्यांना अडवत नसू.

पावसाळ्यात चित्र धोतरात गुंडाळून भाताच्या कणगीत जाई. पाहुण्यांच्या अंथरुणावर ठिबकलं तरी चालेल, कणगीवर थेंब पडता कामा नये. जत्रेचं नाटकही मामाच बसवत. ते पौराणिक असो की ऐतिहासिक, शेवटी एक म्हातारा एका पोरीला हातांवर घेऊन येणार आणि पोर डोळे उघडणारच. एकदा पोरीच्या कामाला हलवायाचा गुटगुटीत मुलगा होता. म्हाताऱ्याचं काम करणारा धर्मा कोळी भर नाटकात विंगेकडे वळून म्हणाला, "मामा, पोर कवा उठायची? माजं हात भरून आलं." मामा आतून शांतपणे म्हणाले, "धर थोडी. उठेल."

एका उन्हाळ्यात रेवदंड्याला हवापालटासाठी आलेले इंग्रजीचे एक प्राध्यापक चहाला आले. त्यांनी चित्रातलं नाटक ओळखलं आणि कुणी न विचारता सांगून टाकलं, "मेलीय हो ती. मागोमाग राजाही जातो." मामींचा हात कपबशीवर तसाच राहिला. मामा म्हणाले, "साखर बेताची आहे ना?"

त्या पावसाळ्यात चित्र कणगीत गेलं नाही. खालून ओल चढली, सरदारांचे पाय वाहून गेले, मामांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला त्या प्राध्यापकांचा भयंकर राग आला.

दिवाळीला गेलो तर मामा दारातच म्हणाले, "ये, समोर बस. उठली बघ." मुलीचे डोळे सताड उघडे होते. काचेवर काजळाने काढलेले, एक मोठा, एक लहान. जरा बाजूला सरकलं की ते थेट राजाच्या दाढीत जात, म्हणून मामा प्रत्येकाला बरोबर समोर बसवत होते. मामी चुलीपाशी पाठ करून म्हणाल्या, "ओलीनं झालं असेल." त्यांच्या बोटाला काजळ होतं. लेकीची काजळाची डबी ती गेल्यापासून त्यांनी उघडली नव्हती.

त्या वर्षीही जत्रेचं नाटक झालं, आणि शेवटी पोर उठली. आता मामा नाहीत, मामीही नाहीत. चित्र माझ्याकडे आहे. घरातलं सगळं पुसलं जातं, तेवढी काच मी कुणाला पुसू देत नाही. आणि कुणी बघायला आलं की आधी म्हणतो, "जरा समोर बसा."