जेवायला घरी येणारा ड्रायव्हर

फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. हैदराबादहून कुणीतरी हिंदीत बोलत होता आणि आमच्या ह्यांचं एकच चाललं होतं, "कौन? हमारा मारुती? पक्का मारुती?" मग त्यांनी फोन ठेवला आणि तिथंच खाली बसले. म्हणाले, "मारुती गेला. मार्केटच्या दारात गाडी लावली, स्टेअरिंगवर डोकं ठेवलं… लोकांना वाटलं, डुलकी घेतोय." माझ्या हातात चाळण तशीच. रडू नाही आलं मला, खरं सांगते. आधी मनात आलं ते एवढंच, की हा माणूस मला एकदा सांगून गेला होता, आणि मी ते पुढं सांगितलं नव्हतं.

याला आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीत लोक मोठ्यामोठ्यांवर लिहितात, मारुतीवर कोण लिहिणार? म्हणून मीच बसले. भवानीनगरात रस्त्याला लागून आमचं घर, ह्यांच्या तीन गाड्या. मारुती निरवांगीचा. सोळा वर्षं त्यानं आमची दुधाची गाडी चालवली. गावोगावचे कॅन उचलायचे, बारामतीला डेअरीत पोचवायचे, रिकामे कॅन घेऊन माघारी. सोळा वर्षांत दूध नासलं नाही की गाडी कुणाच्या कुंपणाला घासली नाही. आणि बाकीचे ड्रायव्हर? एक दिवाळीला म्हणून गेला तो आलाच नाही. एकानं इंदापूरच्या स्टँडासमोर गाडी उभी केली, किल्ली पानवाल्याकडं दिली आणि सासुरवाडीला निघून गेला. हे चिडून म्हणायचे, "सगळे पळपुटे, एक मारुती तेवढा इमानी." मीही मान डोलवायची. तो टिकला कशानं, हे आम्ही कधी त्याला विचारलंच नाही. खरं तर विचारायचीही गरज नव्हती, कारण पहिल्याच दिवशी त्यानं ते सांगून टाकलं होतं.

कामावर लागताना ओट्यावर उकिडवा बसून तो म्हणाला होता, "पगाराचं तुमी म्हणाल तसं. माझी एकच अट हाय मालक. गाडी निरवांगीत माझ्या दारात लावणार, आन दोन्ही येळंला जेवाय घरी जाणार."

हे हसले. "ड्रायव्हर हायस का जावई?"

"जावयाला बोलवावं लागतंय मालक. मी न बोलवता जातो."

पुढं एकदा चहा पिताना मी छेडलं त्याला, बायकोच्या हातची एवढी काय रे गोडी, म्हणून. तो हसला नाही. धनगराचं घर त्यांचं. बाप दर वर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तो पावसाळ्याच्या तोंडाला परतायचा. एका वर्षी मेंढरं आली, बाप आला नाही. तिकडंच तापानं गेला, तिकडंच मातीआड केला. "आमास्नी कळलं तवा तीन महिनं झालं हुतं, वैनी. तवर आई रोज संच्याला त्याच्या नावाची भाकरी थापत हुती. म्या तवाच ठरवलं, फिरायचं तर फिरीन, पर भाकरी थंड व्हायच्या आत दारात." तेवढं बोलून कपबशी विसळून पालथी घातली आणि गेला. दुपारी बाराला निरवांगीच्या शाळेजवळच्या वळणावर तो हॉर्न द्यायचा आणि तिकडं यमुना, त्याची बायको, तवा चुलीवर ठेवायची. गावातल्या मास्तरांचं घड्याळ चुकेल, पण यमुनेचा तवा चुकत नव्हता.

मग ह्यांनी नवी गाडी घेतली. दहा चाकी, लांब पल्ल्याची. द्राक्षं, साखर, मिळेल तो माल घेऊन हैदराबाद, बंगलोर. एवढी नवीकोरी गाडी द्यायची कुणाच्या हातात? ज्याच्यावर भरवसा त्याच्याच की! ह्यांना वाटलं, मारुतीचं सोनं होईल. गाडीची पूजा आणि त्याच दिवशी मारुतीचा सत्कार, असा बेत ठरला. पत्रिका छापल्या, पाहुणे ठरले. सत्काराचं वेड आपल्याकडं असं आहे, की ज्याचा सत्कार त्याला काय पाहिजे हे विचारायचं तेवढं राहतं.

आदल्या दिवशी मारुती मागच्या दारानं स्वयंपाकघराशी आला. चपला लांब काढल्या, उंबऱ्याबाहेरच उभा. "वैनी, मालकांस्नी सांगा. मला दुधाचीच गाडी ऱ्हाऊ द्या."

"येडा का खुळा तू? लोक पाया पडतील अशा गाडीसाठी."

"मग त्यांस्नी द्या की. मी सांगाय गेलो तर मालकांस्नी लागंल. तुमी सांगितलं तर ऐकत्याल."

मी पुरणाला बसले होते, शंभर माणसांचा स्वयंपाक डोक्यावर. म्हणाले, "अरे मारुती, पत्रिका छापून झाल्या. तुझं नाव आहे त्यात. आता काय खोडू?" तो "व्हय, ते बी खरंच," म्हणाला, चपला घातल्या आणि गेला. मी ह्यांना सांगितलं नाही. घाईत विसरले असं आजवर स्वतःला सांगत आले, पण विसरले नव्हते. ऐन वेळी घोळ नको, एवढंच होतं माझं.

सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. आणि भेट म्हणून चार पुडांचा स्टीलचा मोठा डबा, तोही मीच बारामतीहून पारखून आणलेला, नाव घालून. लांबच्या ड्रायव्हरला डबाच उपयोगी, असं माझं शहाणपण! फेट्यातला मारुती डबा छातीशी धरून उभा होता, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली.

तीन वर्षं तो लांबच्या गाडीवर होता. बाहेर असला की दुपारी कुठल्या तरी एस.टी.डी. बूथवरून आमच्याकडं फोन करायचा. "वैनी, निरवांगीला निरोप द्या, जेवलो म्हणून." यमुनेकडं फोन कुठला? मी दुधाच्या गाडीबरोबर सांगून पाठवायची, आठवलं तर. दुधाच्या गाडीवर तेवढ्या काळात चार ड्रायव्हर बदलले, दोनदा दूध नासलं. हे म्हणायचे, "मारुतीची सर कुणाला नाही." आणि मारुतीला पाठवायचे बंगलोरला.

एकदा मात्र तो चुकला. द्राक्षं भरून हैदराबादला निघाला, आणि इंदापूरहून सोलापूर रस्ता सोडून भरलेली गाडी निरवांगीला नेली. घरी जेवला, तासभर पडला, मग गेला. माल उशिरा पोचला, व्यापारी फोनवर ओरडला. मारुती परत आल्यावर हे त्याला लागेल असं बोलले. तो खाली मान घालून उभा. शेवटी त्यानं माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. आणि मी म्हणाले, "मारुती, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती रे." पुन्हा त्यानं गाडी वळवली नाही. शेवटपर्यंत नाही.

दहाव्याला निरवांगीला गेलो. हे घळाघळा रडले, ते खोटं नव्हतं. पण परत निघताना कुणाशी तरी बोलता बोलता म्हणाले, "आता असे ड्रायव्हर टिकत नाहीत हो." मला तिथं उभं राहवेना. मी आत यमुनेजवळ जाऊन बसले. ती शांतपणे म्हणाली, "वैनी, जेवल्याचा निरोप आल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत न्हवता. कवा कवा निरोप यायचाच न्हाय." मग ती उठली, फळीवरून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. तोच. उघडला तर पुडांच्या मधे दुकानातला कागद तसाच.

"वापरला नाही?"

"एकदा बी न्हेला न्हाय त्येंनी. म्या भरून दिला तर म्हणायचे, ठिव. डबा न्हेला म्हंजी घरी जेवाय येणार न्हाय, हे मी कबूल केलं." तिनं पदरानं झाकण पुसलं. "घिऊन जावा. तुमचंच नाव हाय त्याच्यावर."

खरंच होतं. आमच्या दोघांची नावं मोठी, 'यांजकडून सप्रेम भेट', आणि खाली जागा उरली तेवढ्यात मारुतीचं.

डबा आता माझ्या मांडणीवर आहे. परवा दुपारी हे जेवायला बसले आणि त्यांची नजर गेली. "हा कुठून आला?"

"मारुतीनं परत पाठवला," मी म्हणाले. आणि मग तीन वर्षं अडलेला त्याचा निरोप जसाच्या तसा सांगितला… मालकांस्नी सांगा, मला दुधाचीच गाडी ऱ्हाऊ द्या.

ह्यांच्या हातातला घास ताटात परत गेला. म्हणाले, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

मारुतीला दिलं होतं तेच उत्तर माझ्याकडं होतं. मी म्हणाले, "पत्रिका छापून झाल्या होत्या."