आज फक्त क्लच

डेपोत बस झाडणाऱ्या मावशींनी सत्तेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हर व्हायचं ठरवलं, तेव्हा मॅनेजर पोट धरून हसला. "मावशी, एवढं मोठं धूड तुम्हाला झेपणार का?"

"अख्खं धूड एकदम कुठे मागतेय मी?" असं म्हणून मावशी तडक मेकॅनिककडे गेल्या. "भाऊ, आज मला फक्त क्लच शिकव."

आठवडाभर त्या बंद बसमध्ये बसून नुसता क्लच दाबत राहिल्या. पाय भरून यायचा, पण तो जमेपर्यंत त्यांनी गिअरला हात लावला नाही. मग गिअर आले, मग आवारातल्या आवारात पन्नास पावलं बस चालवणं.

घरी नवरा कुरकुरला, "लोक नावं ठेवतायत."

"ठेवू देत. मला उद्या डावं वळण शिकायचंय."

दोन वर्षांनी ड्रायव्हरच्या परीक्षेत परीक्षकाने त्यांना दोन बसच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बस मागे घ्यायला सांगितली. मॅनेजर मुद्दाम बघायला आला होता. मावशींनी वीत वीत मागे घेत बस नेमकी जागेवर उभी केली. परीक्षकाने तिथेच पासचा शेरा मारला. मावशी खाली उतरल्याच नाहीत. खिडकीतूनच त्यांनी मॅनेजरला विचारलं, "साहेब, माझी ड्यूटी कुठल्या मार्गावर लावताय?"