मादेगौडांच्या वाटेवरचा चिखल

म्हैसूरला मी याआधी चार-पाच वेळा गेले होते, पण दरवेळी स्टँडवर दादा घ्यायला यायचा. या खेपेला साताऱ्याहून निघून, कोल्हापूरला बस बदलून सकाळी पोहोचले आणि रिक्षा करून एकटीच चामराजपुरमला दादाच्या घरी गेले. दादा फाटकाजवळ खुर्ची टाकून बसला होता. मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला, त्याला आता आठ महिने झाले होते. त्याला समजतं सगळं, पण शब्द एकेकटे येतात आणि उजवा पाय ओढावा लागतो. मला बघून तो म्हणाला, "आलीस." मग बराच वेळ ओठ हलवून म्हणाला, "गाडी."

गाडी आत, पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली उभी होती. चारही चाकांना जोर मिळणारी, उंच, गडद हिरवी. निवृत्त झाल्यावर त्याने हौसेनं घेतली होती. माझा भाचा समीर म्हणाला, "आत्या, रविवारी गिऱ्हाईक येतंय बघायला. बाबा आता चालवणार नाहीत, आणि मला असल्या गाड्यांची सवय नाही." समीर वाईट मुलगा नाही. आठ महिने बापाला उचलून बसवून तो घाबरट झालाय, एवढंच.

दादाने डाव्या हाताने माझी बाही ओढली. "मादेगौडा," तो म्हणाला.

मादेगौडा म्हणजे मेटगळ्ळीच्या कारखान्यात पंधरा वर्षं त्याच्या शेजारच्या मशीनवर काम केलेला माणूस. दादा नवीन नोकरीला आला, त्याला कन्नडचं अक्षर येत नव्हतं, तेव्हा यानेच सांभाळून घेतलं. तो आता एच. डी. कोटेच्या पुढे, कबिनी धरणाच्या पाण्याकाठी आपल्या गावी राहतो. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे त्याला येता येत नाही. पावसाळ्यात त्याच्या वस्तीकडच्या रस्त्यावरची मोरी वाहून गेली, त्यामुळे साध्या गाडीने जाता येत नाही. दोघं झटक्यानंतर एकदाही भेटले नव्हते.

"ते शक्य नाही, आत्या," समीर म्हणाला. "शेवटचे दोन किलोमीटर नुसता चिखल आहे. तुझं वय किती?"

माझं वय एकसष्ट. कृषी खात्यात नोकरी केली, जावळी-पाटणच्या डोंगरात सरकारी जीप स्वतः चालवत हिंडले. चिखल काय असतो हे मला कोणी सांगायला नको होतं. "डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलंय का?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, थांबत थांबत न्या म्हणाले होते. "मग शनिवारी मी नेते," मी म्हणाले. समीर आत निघून गेला.

पण या गाडीतली बटणं मला येत नव्हती. दादाने एका जुन्या बिलाच्या मागे डाव्या हाताने वाकडंतिकडं नाव लिहून दिलं, आणि शुक्रवारी मी गाडी घेऊन मेटगळ्ळीला गायत्रीबाईंच्या गॅरेजमध्ये गेले. चाळिशीच्या असतील. वडिलांचं गॅरेज त्या चालवतात. घर जुन्या म्हैसूरच्या मराठ्यांचं. "आमचे आजे-पणजे राजाच्या फौजेत घोड्यावर," त्या म्हणाल्या, "आणि मी गाडीखाली." त्यांच्या मराठीत वाक्याच्या मध्येच कन्नड यायचं आणि त्यांना ते कळायचंही नाही.

मी दोन किलोमीटर चिखलाचं सांगितलं. वाटलं, नको म्हणतील. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवून उचलली, गिअरमध्ये टाकली आणि म्हणाल्या, "अक्का (थोरली बहीण), मागचं चाक हातानं फिरवा नी, स्वल्प (थोडं)."

मी डावं मागचं चाक पुढे फिरवलं. उजवं आपोआप उलटं फिरायला लागलं.

"हे कोण करतंय सांगा. मधला गोळा. डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी. दोघं एकाच दांड्याला घट्ट बांधले तर टायर घासणार. म्हणून हा दोघांना वेगळं पळू देतो. रस्त्यावर लई चांगला गुण. केसरात (चिखलात) हाच गुण वाईट. एक चाक घसरलं की सगळं फिरणं त्याच्याकडेच जातं. दुसरं घट्ट जमिनीवर असून सुम्ने (उगाच) उभं."

मग त्यांनी आत बसून किल्ली फिरवली, छोटा लिव्हर लो गिअरवर घेतला, एक बटण दाबलं आणि मला पुन्हा चाक फिरवायला लावलं. आतून टक असा आवाज आला आणि चाक हललंच नाही. मी दोन्ही हातांनी जोर लावला, तरी नाही.

"हा लॉक. आता दोन्ही चाकं एक. एक हवेत असलं तरी दुसरं ढकलणार."

"आणि हे गोल बटण?" त्यावर गवत-खडी, चिखल आणि वाळू अशी तीन चित्रं होती.

"ते मोड. तो लोखंडाला हात लावत नाही अक्का, तो फक्त इंजिनला आणि ब्रेकला सांगतो. खडीत अॅक्सिलरेटर मऊ करतो, चाक जरा घसरलं की लगेच ब्रेक धरतो. चिखलात थोडं घसरू देतो, म्हणजे टायरच्या खाचांतला चिखल उडून जातो. वाळूत गिअर धरून ठेवतो, जोर तुटू देत नाही. पण पुढं खड्डा आहे की दगड, ते त्याला दिसत नाही. ते बघायला तुम्ही खाली उतरायचं. चालत जायचं, काठीनं मोजायचं. आणि लॉक अडकायच्या आधी लावायचा, चाक गरगर फिरत असताना नाही, गिअर तुटेल. डांबरावर आलं की काढायचा." त्यांनी हात पुसले. "भीती वाटते काय?"

"वाटते."

"आयतु (झालं तर मग). भीती वाटणारा उतरून बघतो."

शनिवारी सकाळी दादाला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, कंबरेमागे उशी दिली. समीर दारात उभा होता. त्याने पाण्याची बाटली खिडकीतून दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मानंदवाडी रस्त्याने निघालो. शहर संपल्यावर दोन्ही बाजूला नाचणी पिवळी व्हायला लागली होती, कापूस फुटला होता, आणि मधूनमधून तंबाखू भाजायच्या उंच भट्ट्या दिसत होत्या. दादा एकेका गोष्टीकडे बोट करायचा आणि शब्द यायची वाट बघायचा. "रागी," तो म्हणाला. नाचणीला तो पंचवीस वर्षं रागीच म्हणत आलाय.

एच. डी. कोटेला सेट दोसे (मऊ, जाडसर डोशांची जोडी) आणि कॉफीसाठी थांबलो. दादाचा दोसा मी तुकडे करून दिला. हॉटेलवाल्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि मला विचारलं, "ड्रैवर यल्लि, अम्मा (ड्रायव्हर कुठंय)?"

"नाने (मीच)," मी म्हणाले. तो हसला, मला वाटतं मी थट्टा करतेय असं समजून. मी किल्ली उचलून दाखवली नाही. त्याच्यासमोर गाडी सुरू करून निघाले, तेवढं पुरेसं होतं.

गावाचा फाटा लागल्यावर डांबर संपलं. मी चारही चाकांना जोर लावला, बटण खडीवर फिरवलं, आणि खरंच गाडी शांत, समजूतदार झाल्यासारखी चालायला लागली. डावीकडे झाडांमधून कबिनीचं पाणी दिसत होतं, रुंद आणि राखाडी. एक किलोमीटर सहज पार पडला. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

वाहून गेलेल्या मोरीच्या जागी चाळीस-पन्नास फूट लांबीचा खोलगट चिखल होता, मधे गढूळ पाणी. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. मी उतरले नाही. पाटणच्या घाटात याहून वाईट बघितलंय, असं मनाशी म्हणाले. लो गिअर टाकला, बटण चिखलावर आणलं आणि घातली गाडी. लॉक लावला नाही. मोड आहे ना, मग कशाला, असं वाटलं.

पुढची चाकं पलीकडच्या चढाला लागली आणि मागचं उजवं चाक पाण्याखालच्या एका खड्ड्यात धपकन बसलं. गाडी तिरकी झाली. दादा दारावर कलंडला. मी घाबरून अॅक्सिलरेटर दाबला, जे करायचं नाही तेच. मागचं उजवं आणि पुढचं डावं, अशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं गरगरा फिरायला लागली, ब्रेक आपलेआप कटकट करत त्यांना धरायला बघत होते, काचेपर्यंत चिखल उडत होता, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली जात होती.

मी पाय काढला. फोनला रेंज नव्हती. दादाला काही लागलं नव्हतं, पण मी त्याला कुठे आणून ठेवलंय हे तेव्हा मला नीट कळलं.

मागून एक ट्रॅक्टरवाला आला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने सगळं बघितलं, दोरखंड काढला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "मागे ओढून देतो. फिरवा आणि घरी जा. त्यांना घेऊन असल्या वाटेला येतात का?" त्याचं खोटं नव्हतं. मला हो म्हणावंसं वाटलं. घरी जायचं, समीरचं ऐकून घ्यायचं, उद्या गाडी विकली जाईल, आणि मग दादाला पोर्चच्या बाहेर कोण काढणार होतं?

मी दादाकडे बघितलं. तो समोर, चढाकडे बघत होता. "पुढे," तो म्हणाला.

"वंदु सल (एकदा)," मी ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले. "एकदा मला बघू द्या. नाही जमलं तर ओढा." त्याने खांदे उडवले, पण दोरखंड खाली ठेवला नाही.

मग मी उतरले. चपला काढल्या, साडी खोचली. काठीनं मोजलं तर खड्डा गुडघ्याएवढा होता, आणि डावं मागचं चाक चांगल्या मुरमावर नुसतं उभं होतं. गायत्रीबाईंनी रॅम्पवर दाखवलेलंच मला इथे दिसत होतं, फक्त चिखलात. मी वाहून गेलेल्या मोरीचे दगड आणून उजव्या चाकापुढे रचले. तिसऱ्या दगडाला ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि मोठे दगड त्याने आणले.

आत बसले. सगळी चाकं थांबलेली असताना लॉकचं बटण दाबलं. दिवा नुसता लुकलुकत राहिला, स्थिर होईना. दादाने डाव्या हाताचा पंजा जरासा पुढेमागे करून दाखवला. मी गाडी कणभर हलवली, तो टक आवाज झाला आणि दिवा स्थिर झाला. स्टिअरिंग सरळ धरलं, पाय अगदी हलका ठेवला. आता दोन्ही मागची चाकं एकदम फिरली. उजवं दगडांवर चढत होतं, डाव्याने मुरूम धरला, आणि गाडी कण्हत कण्हत, माणूस खुर्चीतून उठतो तशी, वर आली.

ट्रॅक्टरवाल्याने दोरखंड गुंडाळला. "परत येताना डाव्या अंगाने या," तो म्हणाला आणि गेला.

वर आल्यावर मी लॉक काढायला विसरले. वस्तीच्या वळणावर स्टिअरिंग जड झालं, मागची चाकं ओढल्यासारखी घासायला लागली. दादाने बोटाने बटणावर टकटक केलं. मी लॉक काढला. तो गालातल्या गालात हसत होता, आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणाची तरी चूक त्याने सुधारली होती.

मादेगौडा ओसरीवर वॉकर धरून उभे होते. गाडीचा आवाज ओळखून उठले असणार. दादाला उतरवून मी शेजारी बसवलं. मग मादेगौडांनी त्याचा उजवा, निर्जीव हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मशीनवर हात ठेवून बसावं तसे बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते कन्नडमध्ये म्हणाले, "मला वाटलं, आता निरोपच येईल."

"नाही," दादा म्हणाला. आणि मग, मी ऐकलेलं त्याचं आठ महिन्यांतलं सर्वांत लांब वाक्य, कन्नडमध्ये: "नानु बंदे (मी आलो)."

मादेगौडांच्या सुनेने मुद्दे (नाचणीचे उकडलेले गोळे) आणि पालेभाजीचं सारू (पातळ आमटी) वाढलं. मुद्दा चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा असतो. मी दोनदा चावला आणि सगळे मला हसले. दादाने डाव्या हाताने, सांडत सांडत, स्वतः खाल्लं. कोणी भरवायला पुढे आलं नाही.

परतताना मी चिखलापाशी उतरून पूर्ण वाट चालत बघितली, लॉक आधी लावला, डाव्या अंगाने गाडी घेतली आणि पार झाले. फाट्यावर डांबर लागायच्या आधी सगळं काढून टाकलं.

चामराजपुरमला ऊन कलताना पोहोचलो. चिखलाने माखलेली गाडी बघून समीरचा चेहरा पांढरा पडला. "काही झालं असतं तर, आत्या?"

"झालं असतं तर माझ्यामुळे झालं असतं. अडकले होते मी. न उतरता घातली, ती माझी चूक." मी त्याच्यापासून काही लपवलं नाही.

"म्हणूनच उद्या ती माणसं येतायत," तो म्हणाला.

दादा अजून सीटवरच होता. त्याने उतरायला दिलेला समीरचा हात बाजूला सारला. "गाडी माझी," तो म्हणाला. "विकायची नाही." दोन शब्दांच्या मध्ये एवढा वेळ गेला की समीर मध्ये बोलू शकला असता. त्याने बापाला बोलू दिलं. रात्री जेवायच्या आधी त्याने स्वतःच फोन करून गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं. सोमवारी मी त्याला मेटगळ्ळीला नेलं. गायत्रीबाईंनी त्यालाही आधी चाक हाताने फिरवायला लावलं. महिन्यातून एकदा बापाला मादेगौडांकडे नेईन, असं तो म्हणाला. नेईल की नाही, ते बघायचं.

आता साताऱ्याला परत आलेय. इथे ज्यांना हे सांगितलं, त्यांतले बहुतेक जण म्हणतात, या वयात, आजारी माणसाला घेऊन, एकटी बाई, असलं धाडस बरं नव्हे. मी ऐकून घेते. चिखलात न बघता गाडी घातली ती चूक माझी होती, आणि ती मी कोणासमोरही कबूल करीन. पण आम्ही गेलो, ती चूक होती असं माझ्याकडून कोणीही वदवून घेऊ नये.