आमच्या घरी नसलेलं वर्ष

फाउंडेशन इयरवाले एकत्र बसले की फिजिक्सचा विषय निघत नाही, घरचे किस्से निघतात. युनिव्हर्सिटीत आम्हाला ‘झिरो’ म्हणायचे. बाकीचे थेट पहिल्या वर्षाला येतात, आम्ही त्याच्याही आधीच्या वर्षाला. त्यांची डिग्री तीन वर्षांची, आमची चार. बास, एवढंच. पण हे एवढंच घरी सांगताना प्रत्येकाची काही ना काही फजिती झालेली असते आणि ती साठत जाते. माझ्याकडचा साठा सगळ्यात मोठा, कारण मी एकाच वेळी दोन वर्गांत शिकत होते. एक युनिव्हर्सिटीतला, दुसरा बाबांच्या सांगण्यातला.

मी झिरोत कशी गेले ते आधी सांगते. मी डॉक्टर व्हायचं हे बाबांनी मी प्रायमरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या अकरावी-बारावीला, बायोलॉजी, केमिस्ट्री आणि सायकॉलॉजी. मला फिजिक्स हवं होतं. “डॉक्टरला कशाला लागतं फिजिक्स?” असं बाबांनी विचारलं, म्हणजे तो प्रश्न नव्हता, निकाल होता. मग सगळ्या मेडिकल स्कूल्सनी नाही म्हटलं आणि मी कुणालाही न विचारता एका युनिव्हर्सिटीला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, मॅथ्स-फिजिक्स घेतलं नसलं तरी चालेल, एक वर्ष फाउंडेशन कर, मग पुढे डिग्री. मी उड्या मारत जिना उतरले आणि सांगून टाकलं.

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. “म्हणजे नापास झालेल्यांचं वर्ष?”

“नाही. तुम्ही घेऊ दिले नाहीत त्या विषयांचं वर्ष.”

त्या दिवशी जेवताना फक्त आई बोलली, तेही ‘आमटी वाढू का’ एवढंच.

*

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला देसाईकाका भेटले. काका मंडळाचे सेक्रेटरी. त्यांना आम्हा मुलांची नावं आठवत नाहीत, पण कोण कितव्या वर्षाला आहे ते पाठ असतं, कारण शिक्षण पूर्ण झालेल्यांना गणपतीत स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ द्यायची पद्धत त्यांनीच सुरू केली. मला बघून त्यांनी तिळगूळ द्यायच्या आधी विचारलं, “कितवं वर्ष?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “फर्स्ट इयर.”

गाडीत मी कडाकडा भांडले. बाबांचं म्हणणं सरळ होतं. माणूस ज्या वर्षी युनिव्हर्सिटीत पाऊल टाकतो ते त्याचं पहिलं वर्ष, यात खोटं काय? आई म्हणाली, “जाऊ दे गं, एका वर्षानं काय होतंय?”

होतं ना! पुढच्या संक्रांतीला मी खरंच फर्स्ट इयरला होते आणि काकांना बाबांनी सेकंड सांगितलं. खोट्याचीही इयत्ता वाढते, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

*

आमच्या झिरोत ग्रॅहम नावाचा एक रिटायर्ड पोस्टमन होता. साठी उलटलेला, पांढरे केस, रोज टाय. मला एकूणच मोठ्या माणसांच्या बाबतीत पेशन्स कमी, त्यात हा प्रत्येक लेक्चरला हात वर करायचा आणि नेमका लॅबमध्ये माझा पार्टनर. लंबकावरून गुरुत्वाकर्षण किती ते काढायचा प्रयोग होता. आमचं उत्तर इतकं मोठं आलं की ते खरं असतं तर पृथ्वीवर कुणाला उभंच राहता आलं नसतं. ट्यूटरनं वही बघून विचारलं, हा प्रयोग तुम्ही कुठल्या ग्रहावर केलात?

ग्रॅहम म्हणाला, “तरीच मला जिना चढवत नाही.”

बसमध्ये शेजारी कुणीही बसो, हा माणूस सांगायचा, “मी झिरोमध्ये आहे.” लोक सीट बदलायचे. त्याला फरक पडायचा नाही. मला पडायचा, कारण ते वाक्य मला दुसऱ्या एका तोंडून ऐकायचं होतं.

*

फॅमिलीजना बोलावण्याचा एक दिवस असतो. बाबा सूट घालून आले, सोबत सरांसाठी म्हणून बेसनाच्या लाडवांचा डबा. लॅबच्या दारात त्यांना पांढऱ्या केसांचा, टाय लावलेला माणूस दिसला. बाबांनी मान लववली, डबा त्याच्या हातात दिला आणि मुलीचा अभ्यास कसा आहे म्हणून अदबीनं विचारलं.

ग्रॅहमनं लाडू तोंडात टाकला. “ब्रिलियंट आहे. मी तर सगळं तिचंच बघून लिहितो.”

एवढा मोठा प्रोफेसर आणि किती नम्र, म्हणून बाबा भारावले. पुण्यातल्या त्यांच्या कॉलेजच्या आठवणी त्याला सांगत बसले. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला तर मलाच गप्प केलं. मग ग्रुप फोटो निघाला. आधी स्टाफला उभं केलं, मग आम्हाला, आणि प्रोफेसरसाहेब लाडवांचा डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

बाबा तडक गाडीकडे निघाले. मग म्हणाले, “या वयात? त्याच्या मुलांना काय वाटत असेल?”

“फोटो काढत होती ना, ती त्याची मुलगी.”

*

ग्रॅहम पुढे आमच्याबरोबर फर्स्ट इयरला आला नाही. बायको आजारी पडली, घरी थांबावं लागलं. शेवटच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, “घाई नाही. गुरुत्वाकर्षण कुठे पळून जात नाही.” मला ट्यूटोरियलला उशीर होत होता. मी बाय म्हटलं आणि पळाले. आयुष्यभर पत्रं वाटल्यावर त्याला फिजिक्सच का शिकावंसं वाटलं, हे मी वर्षभर शेजारी बसून कधी विचारलंच नाही. आता विचारायला नंबरसुद्धा नाही.

*

झिरोत मी पहिली आले. शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीतही कधी आले नव्हते. सर्टिफिकेट मिळालं आणि बाबा म्हणाले, मी फ्रेम करून आणतो. मला इतकं बरं वाटलं की मी आईला फोन करून रडले.

घरी गेले तर हॉलमध्ये सोनेरी फ्रेम. माझं नाव, खाली फिजिक्स, खाली प्रथम क्रमांक. सगळं होतं, फक्त ‘फाउंडेशन इयर’ ही ओळ नव्हती. काचेच्या आत चारी बाजूंनी जो पुठ्ठा लावतात, तो खालून चांगला वीतभर रुंद होता.

आई हळूच म्हणाली, “दुकानदार सांगत होता, खाली एवढी रुंद पट्टी बरी नाही दिसत. हे म्हणाले, आम्हाला अशीच हवी.”

आल्यागेल्यानं त्या फ्रेमचं कौतुक केलं. मी त्या खोलीत बसणं सोडलं.

*

आईचं काही वेगळं नव्हतं. मी सेकंड इयरला असताना देसाईकाकू वेम्बलीला साड्या घ्यायला निघाल्या आणि आईला म्हणाल्या, या उन्हाळ्यात लेकीचं ग्रॅज्युएशन ना, चल तूही घे. आई गेली, काकूंच्या समोर निवडून निवडून मोरपिशी साडी घेतली, आणि घरी आल्यावर मला म्हणाली, “फॅशन जाऊ नये फक्त वर्षभरात.”

*

आणि मग ते गणपती आले. बाबांच्या मोजणीप्रमाणे मी ग्रॅज्युएट झाले होते, युनिव्हर्सिटीच्या मोजणीप्रमाणे अख्खं एक वर्ष बाकी होतं. देसाईकाकांनी सत्कारात माझं नाव घातलं. मी बाबांना सांगितलं, खोटी शाल मी खांद्यावर घेणार नाही, तुम्ही काकांना सांगा, नाहीतर मी माइकवर सांगेन. बाबा म्हणाले, “बघू.” त्यांचं ‘बघू’ मी जन्मापासून ओळखते. म्हणून मी पार्किंगची ड्युटी मागून घेतली. पैठणी नेसलेल्या बायकांसमोर पिवळं जॅकेट घालून हात हलवत राहिले, पण हॉलच्या आत पाय टाकला नाही.

दुपारी आतून टाळ्या ऐकू येत होत्या. मग मध्येच एकदम शांत झालं. थोड्या वेळानं देसाईकाकू पेपर प्लेट्स न्यायला बाहेर आल्या आणि माझा हात धरला.

“अगं, तुझं नाव घेतलं तर तुझे बाबाच वर गेले. म्हणाले, तिचं अजून एक वर्ष आहे. मोजायला मी चुकलो.”

मागून काका आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाबा ‘चुकलो’ नाही, ‘लपवलं’ म्हणाले, आणि फाउंडेशन हा शब्द दोनदा उच्चारला. तिसऱ्या कुणी सांगितलं, त्यांचा आवाज फुटला. चौथ्यानं सांगितलं, छे, माइकच खराब होता. मला कुणाकडूनही सबंध वाक्य मिळालं नाही. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं भांडले, ते बोललं गेलं तेव्हा मी एका काकांना फोर्ड रिव्हर्स घ्यायला मदत करत होते.

मग बाबा बाहेर आले. शाल नाही, नारळ नाही. “आई आवरून काकूंबरोबर येईल. चल.”

आमच्या मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउटना, म्हणजे गोल चौकांना, तोटा नाही आणि बाबांना सगळे पाठ आहेत. घराजवळच्या राउंडअबाउटला आपला एक्झिट आला आणि गेला.

“बाबा, एक्झिट गेला.”

“हं.” गाडी गोल फिरत राहिली. “त्या झिरो वर्षात नक्की शिकवलं काय?”

“कुठून सांगू?”

“पहिल्यापासून.”

मी पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली. एक्झिट परत आला. बाबांनी इंडिकेटर दिला, मग बंद केला.

“हं. पुढे?”