लक्ष्मणला फ्रेंच नको होती

लक्ष्मण गेल्याची बातमी मला छापखान्यात कळली. मी प्रुफं वाचत बसलो होतो. शाळेचा शिपाई शोकसभेची पत्रकं छापून घ्यायला आला आणि म्हणाला, "आपला तो फ्रेंचवाला गेला की हो. विषमज्वरानं." पत्रकाच्या मसुद्यात मुख्याध्यापकांनी त्याला 'फ्रेंच भाषेचा निस्सीम उपासक' म्हटलं होतं. ते शब्द खिळ्यांत जुळताना मी पाहिले आणि मला शिसारी आली... महिना उलटून गेला, ती अजून गेलेली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

त्याचे वडील मारुतीकाका गिरणीत रिंग खात्यात, सूत काढायच्या कामाला. विणाई खात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा दुसरा विणकर हातात धरत नाही. म्हणून ते खातं काकांना बंद. लक्ष्मण शाळेत हुशार निघाला, संस्कृत घ्यायचं म्हणाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्याला वर्गाच्या दारातच थांबवलं. रागावून नव्हे, फार गोड आवाजात. "तू गुणी मुलगा आहेस, पण माझा नाइलाज समजून घे." फारसी शिकवणारे मौलवी नुकतेच शाळा सोडून गेले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "फ्रेंच घे. मॅट्रिकला दुसरी भाषा म्हणून चालते." शिकवणार कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण आमच्या शाळेत तेव्हा फ्रेंच जाणणारा एकही माणूस नव्हता. हीच शाळा मुलामुलींना एकत्र बसवते म्हणून स्वतःला सुधारक म्हणवते. घरी ही हकिकत ऐकून काका एवढंच म्हणाले, "चालायचंच. हितंबी धोटाच म्हनायचा."

जुन्या बाजारातून त्याने पाठीमागची पानं गेलेलं एक फ्रेंच व्याकरण आणलं. क्रियापदांनी त्याचा जीव काढला. रोजच्या वापरातली म्हणावीत तीच सगळ्यात वाकडी. जाणे, हवे असणे, शकणे. घोकून ती डोक्यात राहीनात, तेव्हा त्याने ती वस्तीतल्या दारांवर नेऊन ठेवली. इराप्पा दर शनिवारी दुधनीला सासुरवाडीला जायचा, म्हणून त्याच्या दारात 'जाणे', म्हणजे फ्रेंचमधलं 'आले'. इराप्पाला हे कळल्यावर तो म्हणाला, "जायाला आलं म्हंत्यात? त्येंच्या मुलकात मानूस घरला कवा पोचायचा मग?" येल्लूबाई रोज कुणाकडे मीठ तर कुणाकडे विस्तव मागायची, तिच्या दारात 'वुल्वार', हवे असणे. तिच्या समोर उभं राहून तो 'तुला हवं'चं रूप पुटपुटायचा आणि तिची पाठ वळली की 'तिला हवं'चं. एकदा तिने त्याला धरलंच. "काय रं मुडद्या, माझ्या दारात कसला मंतर टाकतूस?" त्याने समजावून सांगितलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "माजा शबूद परीक्षेत आला तर पेढं आनायचं. न्हाय आला तर दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेव."

'शकणे' मात्र त्याने स्वतःच्या घरी, काकांपाशी ठेवलं होतं. का, ते मी विचारलं नाही. काका सुटीच्या दिवशी शेजारच्या साळ्याच्या मागाकडे लांबून बघत उभे राहायचे, ते मी पाहिलं होतं.

त्या काळात मी संस्कृतच्या वर्गात बसायचो. एकदा म्हणालो, "लक्ष्या, संध्याकाळी तुला त्या दिवशीचा पाठ सांगत जाऊ का?" तो हसला नाही. "उष्टं नको," म्हणाला. मग व्याकरणाचं पुस्तक मिटत... "मला कुठं फ्रान्सला जायचंय? मला त्या खोलीत बसायचं हुतं."

परीक्षेत डोळे मिटून तो वस्तीतून एक फेरी मारून आला आणि फ्रेंचमध्ये, शाळेत आजवर कुणाला कुठल्याही भाषेत पडले नव्हते एवढे गुण घेऊन पास झाला. येल्लूबाईला पेढे मिळाले. शाळेला फुकटचं नाव मिळालं.

शोकसभेत त्याच नावावर सगळे हात शेकत होते. शास्त्रीबुवांनी तर कमाल केली. शब्द पाठ ठेवण्याची ही विद्या आपल्या प्राचीन पठणपरंपरेतूनच त्याच्यात उतरली, असं ते म्हणाले, आणि उपरण्याने डोळे टिपले. ज्या परंपरेला त्याचा कान चालला नाही, तिने आता त्याची जीभ आपल्या नावावर करून घेतली. काकांना खुर्ची दिली होती. पण ती दाराबाहेर, पायपोसाजवळ. शेवटी मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की फ्रेंच घेणाऱ्या विद्यार्थ्याला लक्ष्मणच्या नावाने दरवर्षी पारितोषिक मिळेल. टाळ्या पडल्या. मग ते दाराकडे वळून म्हणाले, "मारुती, तुझी हौसा यंदा दुसरी भाषा निवडणार ना? पहिलं बक्षीस घरातच राहील बघ."

हौसा लक्ष्मणची धाकटी बहीण. तिने अर्जात संस्कृत लिहिलं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्या भावाचं नाव पुढे करून जिवंत बहिणीला त्याच दारातून परत पाठवायचं, आणि वर त्याला गौरव म्हणायचं. मी पुष्कळ जहाल पत्रकं वाचली आहेत, दोनचार लिहिलीही आहेत. इतकी सभ्य नीचता मला कधी कल्पनेतसुद्धा सुचली नव्हती.

काका विरघळले. मुलाचं नाव शाळेत राहणार, कुठल्या बापाला मोह होणार नाही? घरी ते हौसाला म्हणाले, "दादाचं नाव हाय, बाय. घे की फ्रेंच."

हौसा भाकरी थापत होती. ती थांबली नाही. "दादाला ती नको हुती, आबा. तुमाला ठावं हाय."

काकांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "व्हय. ठावं हाय." दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदाच कामावर खाडा करून शाळेत गेले आणि पारितोषिक नको म्हणून सांगून आले. बक्षिसाची सबब गेल्यावर अर्ज नाकारायला मुख्याध्यापकांना कारण उरलं नाही. भर सभेत लक्ष्मणला शाळेचं भूषण म्हणून बसले होते, आता त्याच्या बहिणीला उघड नाही म्हणता येईना.

तेव्हापासून हौसा संस्कृतच्या वर्गात पुढच्या बाकावर एकटी बसते. ती आत आली की शास्त्रीबुवा पुस्तक मिटतात आणि तास संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहतात. तिला शिकवायचं नाही, म्हणून कुणालाच शिकवायचं नाही. आपल्या मुलांचं नुकसान होतं अशी पालकांची तक्रार आहे, अर्थातच हौसाविरुद्ध.

परवा मी छापलेले कागद पोचवायला शाळेत गेलो होतो. व्हरांड्यातून जाताना त्या वर्गासमोर थबकलो. आत सगळे चिडीचूप. हौसाने आपलं पुस्तक उघडलं आणि धातूची रूपं मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या रूपाला ती चुकली. उच्चारातला कणभर दोषही ज्यांना खपत नाही म्हणून गावात ख्याती, त्या शास्त्रीबुवांचे ओठ हलले... आणि मिटले. दुरुस्त करायचं तर तिला शिकवावं लागलं असतं. चुकलेलं रूप तसंच वर्गात पडून राहिलं.

हौसाने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तेच चुकीचं रूप पुन्हा एकदा, सावकाश, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं. आणि मग वाट बघत बसली.