केबलचा कणा आणि आमचे साडू

आमच्या साडूंची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी समोरच्या इमारतीतला कुत्रा बिऱ्हाड सोडून गेला. मेहुणीचं लग्न ठरत होतं आणि मुलगा पहिल्यांदाच घरी आला होता. ‘नमस्कार’मधलं ‘नम’ म्हणून झालं होतं, तेवढ्यात त्याची नजर टीव्हीच्या मागे गेली आणि “कुणी बांधली ही केबल?” अशी आरोळी उठली. कपाटातले पेले घाबरून एकमेकांना बिलगले. आयुष्यात कुणासाठीही न उठलेले आमचे सासरे खुर्चीसकट उभे राहिले. केबल त्यांनीच बांधली होती, प्लास्टिकच्या पट्टीने, पक्कड लावून, चांगली करकचून.

“लाकडाची मोळी आहे का ही? आत काच आहे, काच! केसाएवढी!”

सासऱ्यांनी मान खाली घातली आणि मुलगी देऊन टाकली. नाही म्हणायची कुणाची छाती होती?

साडू एका कारखान्यात डिझायनर आहेत. भिंतींवर, खांबांवर काचेच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटच्या पेट्या असतात ना, त्या तिथे तयार होतात. पेटीत शिरणारी केबल हलू नये म्हणून तिला धरून ठेवणारे क्लॅम्प करणं हे साडूंचं काम. आमच्या घरात त्यांना सरसकट ‘चिमटे’ म्हणतात, आणि साडूंना त्याचाही राग येतो. त्यांचे चिमटे पेटीतल्या पट्टीवर एकाशेजारी एक सरकवत बसवायचे. नवी केबल आली की नवा चिमटा लावायचा, जुन्यांना हात लावायचा नाही. एका चिमट्यात एकच केबल. हा नियम त्यांच्या घरातही चालतो. मेहुणीने दोरीवर एका चिमट्यात दोन मोजे लावले, तर हे गॅलरीत जाऊन सोडवतात.

“अहो, मोज्यांतून इंटरनेट जात नाही!” ती ओरडते.

“सवय लागते!” हे आतून ओरडतात.

पण साडूंचा जीव अडकला होता तो चिमट्याला जोडलेल्या एका छोट्या तुकड्यात. केबलच्या मधोमध एक ताठ काडी असते. साडू तिला कणा म्हणतात. चिमटा केबलची साल धरतो, आणि हा तुकडा एका स्क्रूने कणा धरतो. एवढ्याशा त्या तुकड्यासाठी साडू वर्षभर कारखान्यात भांडत होते.

भांडण होतं विक्री खात्याच्या साहेबांशी. त्यांना सगळे खटकेसाहेब म्हणत, कारण कुठलीही वस्तू ‘खट्’ असा आवाज करून बसली की त्यांना ती पटायची. त्यांना स्क्रू नको होता. चिमटा दाबला, खट् झालं, संपलं काम! त्यांनी मोठ्या ग्राहकांना बोलावलं, तुकडा नसलेल्या चिमट्यात केबल अडकवली आणि सूटबुटासकट स्वतः तिला लोंबकळले. केबल हलली नाही. टाळ्या पडल्या.

“अहो, तुम्ही लोंबकळून काय होतंय?” साडू भर सभेत कडाडले. “केबलला साहेब लटकत नाहीत, थंडी लागते! थंडीत साल आखडते, कणा आखडत नाही. मग तो पेटीत घुसतो आणि काच वाकवतो!”

“ग्राहकाला कणा दिसत नाही,” साहेब हसून म्हणाले. “त्याला खटका ऐकू येतो.”

“माझाही दिसत नाही. काढून ठेवू का टेबलावर?”

साडूंचं म्हणणं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. पण ते खरं इतक्या मोठ्याने बोलतात, की लोकांना नुसता आवाज लक्षात राहतो. तुकडा रद्द झाला.

त्या रात्री जेवताना त्यांनी धुऊन आटलेला माझा स्वेटर मला अंगात चढवायला लावला. बाही कोपरापर्यंत आली.

“बघा भाऊ! बाही आटली. हात आटला का?”

“नाही.”

“मग कुठे गेला?”

“बाहेर आला.”

“हे तुम्हाला कळतं!” त्यांनी ताटावर मूठ आपटली. “तुम्हाला!”

हा माझा गौरव होता की अपमान, ते अजून ठरलेलं नाही. पण त्या घासापासून मीसुद्धा खटकेसाहेबांवर चिडून आहे.

पहिल्याच हिवाळ्यात पेट्या बंद पडू लागल्या. झाकण उघडावं तर आत कणे बोटभर पुढे आलेले आणि काचेचे वेटोळे कोपऱ्यात चेपलेले. साडू म्हणाले होते अगदी तसंच. आता साहेब त्यांची माफी मागतील, असं आम्हाला वाटलं. आम्ही साधी माणसं.

साहेबांनी बैठक घेतली आणि तोडगा जाहीर केला. चिमटा आहे तसाच राहील, खटकाही राहील. कण्याचा तुकडा वेगळ्या पिशवीत घालून पेटीबरोबर द्यायचा. ज्याला हवा त्याने बसवावा. “सुटे भाग, हवे तसे जोडा! डिझायनरसाहेबांची मूळ कल्पना तरी दुसरी काय होती?” असं म्हणून त्यांनी साडूंच्या पाठीवर थापही मारली.

त्या दिवशी साडू ओरडले नाहीत. मेहुणीने घाबरून मला बोलावून घेतलं. मी गेलो तर ते गॅलरीत उभे होते आणि समोर एका चिमट्यात दोन मोजे वाळत होते.

“साडूभाऊ, चिडा की जरा,” मी म्हटलं. “आम्हाला चैन पडत नाही.”

“हवा त्याने बसवावा म्हणे!” ते हळूच म्हणाले. त्यांचा तो हळू आवाज ऐकून माझीच कानशिलं तापली. मग मोज्यांकडे बघत ते म्हणाले, “जाऊ दे भाऊ. निदान पेटीपर्यंत तरी पोचतोय. बसवणाऱ्याला अक्कल असेलच ना?”

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत नवी पेटी बसली. मी मुद्दाम खाली जाऊन उभा राहिलो. बसवणाऱ्याने केबल चिमट्यात दाबली, खट् झालं. मग त्याने ती छोटी पिशवी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, न फोडताच पेटीच्या तळाशी ठेवली आणि झाकण लावलं.