मधपेटीचा पहारेकरी

भाद्रपदात गावी न जाणारा कोकणी माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या खाली राहत होता. वाशी तेव्हा नवीकोरी होती. इमारती मोजक्या, मागे गवत आणि पाणथळ. गणपती जवळ आले की आमची अर्धी इमारत कुलपं लावून रत्नागिरीकडे पळायची. तळमजल्यावरचे काका मात्र नेमक्या त्याच दिवसांत तुर्भ्याच्या कारखान्यातून रजा काढायचे आणि मागच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून, हातात बॅडमिंटनची रॅकेट घेऊन बसायचे. समोर स्टुलावर मधमाश्यांची पेटी. पावसाळा सरत आला की गांधीलमाश्या पेटीवर चालून येतात आणि दाराशीच मधमाश्या उचलून नेतात. त्यांना अडवणारे जगात आपण एकटेच, अशी काकांची खात्री होती.

ही पेटी त्यांना आक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने दिलेली. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं होतं. काकांनी लग्न केलं नाही. परक्या मुलखात हा एकटा राहणार म्हणून तिने आपल्या परसातली नांदती पेटी त्यांच्याबरोबर एस.टी.त चढवून दिली. आत काय आहे असं कंडक्टरने विचारलं, तर काका म्हणाले होते, "घरचीच माणसं आहेत."

या घरच्या माणसांसाठी त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? पेटीच्या दाराला पट्टी ठोकून ते इतकं अरुंद केलं, की मधमाशीनेही अंग चोरून आत जावं. गांधीलमाश्यांचं घरटं शोधत ते शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर चढले. वॉचमनने चोर समजून खाली उतरवलं, तर उलट त्यालाच "वर एवढं पोळं झालंय, तू राखतोस काय?" असं सुनावून आले. रॅकेटचा नेम असा, की गांधीलमाशी सहीसलामत निसटायची आणि दोरीवर वाळत घातलेले आमचे कपडे मार खायचे. बोनकोड्याहून भाजी घेऊन येणारी मावशी टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "काका, गनपती तिकडं हाय आन तुमी हितं माश्या राखता?" काका तिलाही जरा बाजूला उभं राहायला सांगायचे, माश्यांची वाट अडते म्हणून.

एकदा आमच्या डोळ्यांदेखत मधमाश्यांनीच एका गांधीलमाशीला घेरलं, तिच्याभोवती घट्ट गोळा केला आणि आपल्या अंगच्या उष्णतेनेच तिला आतल्या आत मारून टाकलं. मी वाहवा केली. काका हळहळले. "एवढ्या जणींनी मिळून एक मारली. दमल्या बिचाऱ्या. मी आहे म्हणून निभतंय यांचं."

गणपती झाले की गावाहून परतणाऱ्या कुणाबरोबर तरी आक्का गुळात घोळलेलं खाजं पाठवायची आणि निरोपही, की यंदा तरी आरतीला हवा होतास. काका खाजं आम्हाला वाटायचे आणि निरोप गिळायचे. "पुढल्या वर्षी जाऊ," म्हणायचे, तेही पेटीवरची नजर न काढता.

एका वर्षी गौरी-गणपती बोळवून म्हातारी आक्काच येऊन थडकली. आली तशी मागे गेली आणि काकांना खुर्चीतून उठवून स्वतः बसली. "बाबल्या, जा, जरा पड. मी राखत्ये." रॅकेट तिने मांडीवर आडवी ठेवली आणि पदराने गांधीलमाश्या वारत बसली. काका भाद्रपदात पहिल्यांदाच दुपारचे झोपले. संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, "पेटी दिली ती तुला गाव आठवावं म्हणून. तू पेटीच धरून बसलास. पुढल्या वर्षी माझ्या शेजारी आरतीला उभा राहा, एवढंच मागणं हो."

"येतो गो आक्के," काका म्हणाले. "नक्की येतो."

आरतीआधीच, उन्हाळ्यात ती वारली.

त्या भाद्रपदात काकांनी रॅकेट खुंटीला लावली आणि गावी गेले. शब्द दिला होता. पेटीकडे लक्ष ठेवायलाही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते परतले त्या दिवशी आम्ही दोघं मिळूनच मागे गेलो, पेटी रिकामी पाहायची मनाची तयारी करून.

पेटी नेहमीसारखी गुणगुणत होती. दारापुढच्या फळीवर आणि खालच्या गवतात गांधीलमाश्या मरून पडल्या होत्या, आणि मधमाश्या त्यांना ओलांडून खुशाल ये-जा करत होत्या. मला इतका आनंद झाला, की मी काकांच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हात तसाच खाली घेतला. फार वाईट वाटलं मला.

काका पेटीपुढे उकिडवे बसले.

"यांचं माझ्यावाचून कधीच अडत नव्हतं हो," ते म्हणाले. "अडत होतं ते आक्काचं."

मग ते उठले, पिशवीत हात घातला आणि खाज्याची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. या खेपेला ती त्यांनी स्वतःच आणली होती.